ऑक्सिजनवाली हेटरोसायकल करून अँटिमायक्रोबियल दाखवायचंय? मग आधी प्लेटचा विचार कर, फ्लास्कचा नंतर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष, कॉलेज कोल्हापुरातलंच, गाईडनी "ऑक्सिजन असलेली हेटरोसायकल करा आणि अँटिमायक्रोबियल दाखवा" (म्हणजे कार्बनच्या जोडीला ऑक्सिजनही असलेली रिंग बनवा आणि ती जंतू मारते हे दाखवा) एवढंच सांगून विषय सोडलाय, तू बारा कंपाऊंडची यादी केलीयस त्यात फ्युरान पण आहे, कुमारिन पण आहे, फ्लेव्होन, ऑक्साडायझोल सगळंच आहे, आणि विचारलंयस की यातली कुठली रिंग घेतली तर हमखास अ‍ॅक्टिव्हिटी येईल, आणि झोन (जंतू वाढवलेल्या प्लेटवर पदार्थाभोवतीचं मोकळं गोल) आला की काम झालं का.

हमखास काही येत नाही. आणि झोन आला म्हणजे काम झालं असं तर अजिबात नाही, खरी डोकेदुखी तिथनंच चालू होते. मी आधी कंपनीत आणि आता पोरापोरींच्या प्रोजेक्टला मदत करत ह्याच कामात आहे, तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ह्या विषयात सिंथेसिस हा सोपा भाग. रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा होतेच. अवघड काय, तर प्लेटवर जंतू मेले ते तुझ्या रेणूमुळंच मेले, त्यातल्या घाणीमुळं नाही, हे दाखवणं. त्यामुळं बारा रिंग नको, एक रिंग घे, तिच्यावर सहा-सात कंपाऊंड कर, पण अशी शुद्ध कर की कुणी बोट ठेवायला नको.

आता रिंगचं. ऑक्सिजन असलेली रिंग जंतूंविरुद्ध चालते हे काय नवीन नाही. लघवीच्या इन्फेक्शनला डॉक्टर अजूनही नायट्रोफ्युरँटॉइन लिहितात, ते १९५३ पासून वापरात आहे, त्यात फ्युरान. गजकर्णाच्या गोळ्या म्हणून जी ग्रिसिओफुल्विन आपल्याकडं घरोघरी माहीत होती ती बेंझोफ्युरानची. एरिथ्रोमायसिन म्हणजे चौदा अणूंची मोठी लॅक्टोन रिंग. लिनेझोलिड २००० साली आलं, ते ऑक्झाझोलिडिनोन. मलमातलं मुपिरोसिन घे, त्यात टेट्राहायड्रोपायरान. आणि कुमारिनवाल्या सगळ्यांचं लाडकं नोव्होबायोसिन. तुझ्या पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये ही चित्रं येणारच, सगळेच टाकतात, टाक.

पण ती चित्रं टाकताना जरा नीट बघ. यातल्या एकातही नुसती रिंग हे औषध नाही. नोव्होबायोसिन जंतूच्या डीएनए गायरेज ह्या एन्झाइमच्या बी सबयुनिटला जाऊन चिकटतं, जिथं एटीपी (पेशीचं इंधन) बसतो त्या खोबणीत, आणि त्या खोबणीत मुख्य काम करते ती त्याची नोव्हिओज नावाची साखर आणि तिच्यावरचा कार्बामेट. कुमारिनचा भाग बाजूच्या आर्जिनिनला धरून बसतो. म्हणजे तू सात-हायड्रॉक्सी-चार-मिथाईल कुमारिन केलंस आणि लिहिलंस की "नोव्होबायोसिनमध्ये कुमारिन आहे म्हणून आमचंही गायरेज अडवत असणार", तर ते काय पटण्यासारखं नाही. साखरच नाही तिथं. तसंच नायट्रोफ्युरँटॉइनमध्ये खरा खेळ नायट्रोचा, जंतूमधली नायट्रोरिडक्टेज एन्झाइम त्या नायट्रोला रिड्यूस करतात आणि त्यातून जे चटकन रिअ‍ॅक्ट होणारे तुकडे तयार होतात ते आत सगळीकडं नासधूस करतात. त्यामुळं पाच-नायट्रोफरफ्युरल वापरून काहीही केलंस तरी झोन येतो. पोरांना त्याचा मोह होतो. येऊ दे झोन, पण मग ते तुझ्या नव्या रिंगचं कौतुक नाही, नायट्रोफ्युरानचं जुनंच काम आहे, आणि त्या जातीच्या रेणूंना म्युटाजेनिसिटीचा, म्हणजे डीएनए बिघडवण्याचा, प्रश्न कायमचा चिकटलेला आहे.

मग घ्यायचं काय? कॉलेजच्या लॅबमध्ये, व्हॅक्यूम पंप कधी चालू कधी बंद अशा परिस्थितीत, मला दोन रस्ते परवडणारे वाटतात. एक पेखमान कुमारिन आणि दुसरा तीन घटकांचा दोन-अमिनो-चार-एच-क्रोमीन. फ्लेव्होन पण छान आहेत, बेकर-वेंकटरामन तर आपल्या माणसाची रिअ‍ॅक्शन, वेंकटरामन मुंबईच्या यूडीसीटी ह्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत होते आणि १९५७ साली पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय डायरेक्टर झाले, पण त्यात बेंझॉयलेशन, मग रिअरेंजमेंट, मग रिंग बंद करणं अशा पायऱ्या आहेत, वर्षाच्या प्रोजेक्टात सात कंपाऊंड त्या रस्त्यानं न्यायची तर दमशील. ऑक्साडायझोलला फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड लागतं, आणि जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात हवा कशी असते तुला माहितीय, बाटली उघडली की धूर. पर्किन पद्धतीनं कुमारिन करायला अ‍ॅसेटिक अनहायड्राइड लागतं, ते नार्कोटिक्सच्या नियमांखाली नियंत्रित केमिकल आहे, कागदपत्रांशिवाय मिळत नाही. ऑफिसमध्ये चकरा मारायची हौस असेल तर घे.

पेखमान बघू. रिसॉर्सिनॉल १.१ ग्रॅम आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट १.३ ग्रॅम, म्हणजे दोन्ही दहा मिलिमोल. रिसॉर्सिनॉल त्या एस्टरमध्येच विरघळवून घ्यायचं आणि बर्फात ठेवलेल्या कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये थेंबथेंब सोडायचं, तापमान १० अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही. घाई केलीस की लालभडक चिकट रसायन होतं आणि मग दिवसभर ते धुत बस. सोडून झालं की रूम टेंपरेचरला रात्रभर ठेव, सकाळी बर्फाच्या पाण्यात ओत, फिकट पिवळसर घन पडतो. तो फिल्टर करून ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थंडच विरघळव, गाळ, आणि गाळलेल्यात पातळ सल्फ्युरिक घालून परत पाड. गरम अल्कलीत ठेवू नको, लॅक्टोन उघडते. मग इथेनॉलमधून रीक्रिस्टलाइझ. मेल्टिंग पॉइंट १८५ च्या आसपास यायला पाहिजे. पूर्ण उतारा धरला तर १.७६ ग्रॅम होतात. आणि एक मजा म्हणून चिमूटभर पदार्थ पातळ अल्कलीत टाकून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धर, असा निळा चमकतो की बघत राहावं. पण ते चमकणं म्हणजे शुद्धतेचा दाखला नाही, बरं का. मळकं कुमारिन पण तेवढंच चमकतं.

हे झालं बेस कंपाऊंड. ते स्वतः जंतूंना फार काही करत नाही, कमकुवत आहे, पण सातव्या जागेवरचा हायड्रॉक्सी हा तुझा दरवाजा. तिथं वेगवेगळे बेंझिल ग्रुप लाव, पोटॅशियम कार्बोनेट आणि अ‍ॅसिटोनमध्ये रिफ्लक्स, एवढंच. खूप जण तिथं प्रोपार्जिल लावून कॉपरनं क्लिक (अझाइड जोडून रिंग करायची रिअ‍ॅक्शन) करतात आणि ट्रायझोल घेतात. दिसायला भारी दिसतं. त्याबद्दल खाली बोलतो.

दुसरा रस्ता क्रोमीनचा. अरोमॅटिक अल्डिहाइड, मॅलोनोनायट्राइल आणि डायमेडोन, तिन्ही सारख्या मोलमध्ये, इथेनॉल-पाण्यात थोडा बेस टाकून. चार-क्लोरोबेंझाल्डिहाइड घेतलंस तर १.४१ ग्रॅम, मॅलोनोनायट्राइल ०.६६, डायमेडोन १.४०, दहा-दहा मिलिमोल. आधी होते नोव्हेनागेल (अल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल पाणी सोडून जुळतात), मग डायमेडोन मायकेल पद्धतीनं (त्यातल्या डबल बाँडवर) चिकटतो, मग त्याचा एनॉलचा ऑक्सिजन नायट्राइलवर वळून रिंग बंद करतो. क्रम मात्र पाळ. आधी अल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल एकत्र फिरव, टीएलसीवर (पदार्थ ठिपक्यांत वेगळे करायची पट्टी) अल्डिहाइड संपला की मगच डायमेडोन टाक. सगळं एकदम ओतलंस तरी बऱ्याचदा होतं, पण मग कधीकधी एका अल्डिहाइडला दोन डायमेडोन जाऊन चिकटतात, तो बिस-कंपाऊंड पण पांढरा, तो पण छान पडतो, आणि टीएलसीवर जवळजवळ बसला तर पोरं त्यालाच प्रॉडक्ट समजून पुढं जातात. ओळखायचा सोपा उपाय आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम. खऱ्या क्रोमीनला २१९० ते २२०० च्या आसपास नायट्राइलचं टोकदार पीक दिसतं, बिसमध्ये नायट्राइलच नाही. एनएमआरमध्ये (प्रोटॉन दाखवणारा स्पेक्ट्रम) चौथ्या जागेचा प्रोटॉन ४.२ च्या जवळ सिंग्लेट म्हणून येतो आणि अमिनोचे दोन ७ च्या आसपास पसरट. डीएमएसओ ह्या सॉल्व्हंटमध्ये घेतलास तर डायमेडोनच्या एका सीएचटूचा सिग्नल सॉल्व्हंटच्या २.५० च्या खाली दबतो, त्यामुळं प्रोटॉनची बेरीज जमत नाही म्हणून घाबरू नको.

मॅलोनोनायट्राइल मात्र सांभाळून. शरीरात गेलं की सायनाइड सुटतं, त्यामुळं ग्लोव्ह घालून, हूडमध्येच वजन कर. ३२ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाटलीत पाणी झालेलं दिसेल, फ्रीजमध्ये ठेव आणि स्ट्राँग बेसच्या शेजारी तर ठेवूच नको.

कॅटॅलिस्टवरून एक सांगतो, कोणाला राग आला तर येऊ दे. लिंबाचा रस, केळीच्या सालीची राख, बगॅस जाळून सल्फोनेट केलेला कार्बन, हे सगळं "ग्रीन" म्हणून चालतं आणि आपला ऊसपट्टा असल्यामुळं बगॅसवर जरा जास्तच प्रेम. करायला हरकत नाही. पण केळीच्या राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच असतं, ते बाटलीतनं घेतलं तरी तेच होणार. आणि कॅटॅलिस्ट न टाकता एक ब्लँक रिअ‍ॅक्शन करून बघितल्याशिवाय कॅटॅलिस्टचं नाव घेऊ नको, ह्या तीन घटकांच्या रिअ‍ॅक्शन गरम पाण्यात नुसत्या पण बऱ्यापैकी सरकतात. ऊसपट्ट्याचा खरा ऑक्सिजन हेटरोसायकल म्हणशील तर तो फरफ्युरल. बगॅसमधले पेंटोसान अ‍ॅसिडमध्ये तापवले की तो निघतो, जगभर तसाच करतात. ताजा डिस्टिल केलेला फरफ्युरल रंगहीन असतो आणि ठेवला की चहासारखा काळा होत जातो, म्हणून वापरायच्या दिवशीच डिस्टिल कर.

आता मूळ मुद्दा, घाण. समजा तुझ्या प्लेटवर झोन आला. तो कशाचा असू शकतो, हे जरा मोजूया.

पहिला संशयित म्हणजे शिल्लक राहिलेला अल्डिहाइड. सॅलिसिलाल्डिहाइड स्वतः जंतू मारतो, सिनॅमाल्डिहाइड तर दालचिनीतला मारणारा म्हणून प्रसिद्धच. दोन टक्के अल्डिहाइड राहिला आणि तू दर मिलीला हजार मायक्रोग्रॅमनं टेस्ट केलीस तर वीस मायक्रोग्रॅम अल्डिहाइड आहेच की तिथं. दुसरा, मधला नोव्हेनागेलचा पदार्थ, अरिलिडीन मॅलोनोनायट्राइल. तो जबरदस्त मायकेल अ‍ॅक्सेप्टर, दिसेल त्या थायॉलला (सल्फरवाल्या ग्रुपला) जाऊन चिकटणार, जंतूचा असो नाहीतर आपल्या लिव्हरचा. तिसरा धातू. वर क्लिक रिअ‍ॅक्शनचं म्हटलं ते याचसाठी. कॉपर स्वतःच जंतुनाशक, सिल्व्हर तर आहेच, झिंक ऑक्साइड पण आहे, आणि आपल्याकडं नॅनोपार्टिकल कॅटॅलिस्टची तर लाटच आलेली. म्हणजे कॉपरनं रिअ‍ॅक्शन करायची, उत्पादन नुसतं फिल्टर करून वाळवायचं आणि मग "ट्रायझोल जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी वाढली" असं लिहायचं. वाढली असेल, पण कुणामुळं? इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन ईडीटीएच्या (धातू पकडणारा पदार्थ) पाण्यानं धू, निळं येणं थांबेपर्यंत धू, मग कॉलम, मग रीक्रिस्टलायझेशन. चौथा अ‍ॅसिड, सल्फ्युरिकचा अंश राहिला तर वेलचा (प्लेटमधल्या खड्ड्याचा) पीएच पडतो. आणि पाचवा सॉल्व्हंट, डीएमएसओ जास्त झाला तर तो पण वाढ रोखतो.

म्हणून कंपाऊंडच्या शेजारी कायम हे पण टेस्टला लाव: सुरुवातीचा अल्डिहाइड, मधला पदार्थ, कॅटॅलिस्ट, आणि नुसता डीएमएसओ. बहुतेक पेपरमध्ये फक्त शेवटचा असतो. तू चारही लावलेस तर परीक्षक काय, कुठलाही रिव्ह्यूअर तुला फार छळू शकणार नाही. शुद्धतेसाठी नुसता एक टीएलसी स्पॉट पुरत नाही, दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंट सिस्टीममध्ये बघ, मेल्टिंग रेंज दोन अंशाच्या आत आण आणि जमलं तर एचपीएलसी कर. चांगली मेडिसिनल केमिस्ट्रीची जर्नल ९५ टक्के शुद्धता मागतात ते काय उगाच नाही.

पावसाळ्यात आयआर घेणार असशील तर केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात सॅम्पल दाबतात) ११० अंशाला ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेव. नाहीतर ३४०० ला पाण्याचा लांबलचक फुगवटा येतो आणि बेंझिल लावलेल्या कुमारिनला पण "हायड्रॉक्सी आहे" असं थीसिसमध्ये छापलं जातं. असे स्पेक्ट्रम मी बघितलेत, खालची सही पण बघितलीय.

टेस्टकडं येऊ. वेल डिफ्युजन किंवा डिस्क (जेलीसारख्या अगारच्या खड्ड्यात किंवा कागदी चकतीवर पदार्थ ठेवून झोन मोजणं) हे पहिल्या चाळणीला ठीक, त्याच्यापुढं नाही. का, तर झोनचा आकार नुसत्या ताकदीवर ठरत नाही, पदार्थ अगारमध्ये किती पसरतो त्याच्यावर पण ठरतो. अगार म्हणजे जवळपास सगळं पाणीच. तुझे बेंझिल लावलेले, क्लोरो लावलेले तेलकट रेणू वेलमध्येच बसून राहतात, दोन मिलिमीटर पण सरकत नाहीत, आणि बारीकसा ध्रुवीय अशुद्ध पदार्थ मात्र मस्त पसरतो आणि गोल झोन देतो. अगारची जाडी ४ मिलिमीटर पाहिजे, ती पण कोण मोजत नाही. त्यात परत तुझं कंपाऊंड वेलमध्ये शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम आणि शेजारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची डिस्क ५ मायक्रोग्रॅमची, आणि टेबलात "१८ मिमी, स्टँडर्ड २६ मिमी, म्हणजे ६९ टक्के अ‍ॅक्टिव्हिटी". असलं गणित करू नको, हात जोडतो.

एमआयसी काढ, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी कॉन्सन्ट्रेशन. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, ९६ वेलची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव खाद्य). डीएमएसओमध्ये मिलीला २५.६ मिलिग्रॅमचा स्टॉक कर, तो ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ केलास की २५६ मायक्रोग्रॅम झाले आणि डीएमएसओ १ टक्का. पहिल्या वेलपासून अर्धं-अर्धं करत दहाव्या वेलपर्यंत जा, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर. मग त्यावर १०० मायक्रोलिटर जंतू, म्हणजे सगळं निम्मं होऊन १२८ ते ०.२५ अशी रांग मिळते आणि डीएमएसओ अर्धा टक्का किंवा कमी. अकरावी वेल नुसत्या जंतूंची, बारावी नुसत्या ब्रॉथची. जंतू किती, तर ०.५ मॅकफारलँड (गढूळपणाचं माप) म्हणजे मिलीला साधारण दीड कोटी नव्हे, पंधरा कोटी, ते दीडशेपट पातळ केलं की दहा लाख आणि प्लेटमध्ये पडल्यावर पाच लाख. हा आकडा पाळ, कारण जंतू कमी टाकले की कुठलंही कंपाऊंड हिरो दिसतं. ३५ अंशाला १६ ते २० तास.

स्टॉक ब्रॉथमध्ये टाकल्यावर डोळ्यांनी बघ. पांढरं गढूळ झालं का? झालं तर तुझा पदार्थ तिथंच पडला, विरघळलेला नाही, आणि सकाळी तीच गढूळता बघून कोणीतरी "ग्रोथ आहे" म्हणणार. म्हणून शेवटी ०.०१५ टक्के रेझाझुरिन टाक, जिवंत जंतू असतील तिथं निळ्याचं गुलाबी होतं. आणि जिथं पदार्थ पडतो त्याच्या वरच्या कॉन्सन्ट्रेशनचं काही बोलायचंच नाही, तिथं आकडा देऊन उपयोग नाही.

स्ट्रेन सर्टिफाइड घे. एमआयसीला स्टॅफ ऑरियसचा एटीसीसी २९२१३, ई. कोलायचा एटीसीसी २५९२२, ही नेहमीची जोडी, चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम ह्या जंतूसंग्रहांकडं त्यांच्या जोडीच्या स्ट्रेन मिळतील. "सीपीआर हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या माणसानं दिलेला पेशंटचा आयसोलेट" असलं काही केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आणू नको. हे बीएसएल-२ चं (जंतूसुरक्षेची दुसरी पातळी) काम आहे, मायक्रोबायोलॉजीवाल्यांच्या हूडमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली, आणि प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जात नाही. त्या डिपार्टमेंटच्या कुणालातरी पहिल्या दिवसापासून सोबत घे, शेवटच्या महिन्यात पुड्या घेऊन दारात उभं राहिलं की ते पण वैतागतात.

स्टँडर्ड औषध हे तुझ्या कंपाऊंडशी शर्यत लावायला नसतं, प्लेट बरोबर चालली का ते बघायला असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी २५९२२ वर ०.००४ ते ०.०१६ मध्ये आली पाहिजे. तुझ्याकडं ती २ आली तर प्लेट बाद, मग तुझ्या कंपाऊंडचा आकडा कितीही गोड असो. आणि हा आकडा बघितला की जमिनीवर पण येतो माणूस. तुझ्या क्रोमीनची एमआयसी ६४ आली आणि सिप्रोची ०.००८, तर फरक आठ हजार पटीचा आहे. दोघांचं मॉलेक्युलर वेट जवळजवळ सारखंच, ३२९ आणि ३३१, त्यामुळं वजनाचं कारण पण सांगता येत नाही. ६४ म्हणजे जवळपास १९५ मायक्रोमोलर, एवढ्या डोसला कितीतरी साधे रेणू जंतूंना त्रास देतात. माझ्या हिशोबानं शुद्ध कंपाऊंड दहाच्या आत आलं तर बघण्यासारखं, पन्नासच्या वर गेलं तर "कमकुवत" असं स्पष्ट लिही. कमकुवत लिहिल्यानं एमएस्सी कुणाची अडत नाही.

ई. कोलायवर बहुतेक काहीच येणार नाही, त्याची तयारी ठेव. ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून एक जास्तीचं मेंब्रेन असतं आणि आत गेलेलं बाहेर फेकणारे एफ्लक्स पंप असतात, तेलकट रेणूला दोन्हीकडनं मार. स्टॅफवर आलं आणि ई. कोलायवर नाही आलं तर ते अपयश नाही, तसंच असतं. सगळ्यावर सारखंच आलं, ग्रॅम पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, बुरशी सगळं एकाच आकड्याला, तर मला उलट संशय येतो की हे सरसकट विष आहे. अशा वेळी रक्तपेशी फुटतात का हे बघायची हिमोलिसिस टेस्ट आणि शक्य असेल तर पेशी जगतात का ते बघायची एमटीटी. जंतू ३२ ला मेले आणि आपल्या पेशी ३० ला, तर औषध कुठलं आलं त्यात.

सहा-सात कंपाऊंड कुठली, हे टॉप्लिस नावाच्या मेडिसिनल केमिस्टनं १९७२ मध्ये सांगून ठेवलंय, फार डोकं लावायला नको. आधी साधा फिनाइल, मग चार-क्लोरो. क्लोरोनं वाढली तर तीन-चार-डायक्लोरो, तेवढीच राहिली तर चार-मिथाईल, कमी झाली तर चार-मेथॉक्सी. म्हणजे प्रत्येक पुढचं कंपाऊंड मागच्या उत्तरावर ठरतं. बाजारात जे अल्डिहाइड स्वस्त मिळाले ते सगळे टाकून टेबल भरण्यापेक्षा हे चांगलं. पण एक लक्षात ठेव, एमआयसी एका पायरीनं इकडंतिकडं होतेच, ३२ आणि ६४ मध्ये काही फरक नाही, तीच प्लेट उद्या परत लावलीस तर उलटं येऊ शकतं. त्यामुळं "क्लोरोमुळं इलेक्ट्रॉन ओढले गेले म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी दुप्पट" असली वाक्यं लिहायची नाहीत. चार पायऱ्यांचा फरक दिसला, तीनदा दिसला, मग बोल.

डॉकिंग (कॉम्प्युटरवर रेणू एन्झाइममध्ये बसवून बघणं)? करायचं तर कर, कॉम्प्युटर फुकट आहे. पण उणे आठ पूर्णांक काहीतरी असा आकडा आला म्हणून गायरेज अडतं असं होत नाही, आणि ज्याची एमआयसी १२८ च्या पण वर आहे त्याचं रंगीत डॉकिंगचं चित्र थीसिसमध्ये बघितलं की मला हसू येतं.

बुरशीकडं जायचं मनात असेल तर मला तरी ते जास्त आवडेल. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गजकर्ण किती असतं ते कुठल्याही स्किनच्या डॉक्टरांना विचार, आणि टर्बिनाफिनला दाद न देणारा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी आता भारतभर डोकेदुखी झालाय. पण ती टेस्ट सोपी नाही, डर्मॅटोफाइट सावकाश वाढतात, चार-पाच दिवस लागतात, मोजून स्पोअर टाकायला सवयीचा हात लागतो. आधी कँडिडा अल्बिकन्सवर आरपीएमआय मीडियममध्ये बघ, काही दिसलं तर मग मायकॉलॉजी करणारं कोणीतरी शोधू.

कामाच्या क्रमाचं म्हणशील तर कल्चर मागवायचं पत्र याच आठवड्यात टाक, ते हातात यायला वेळ लागतो आणि डिपार्टमेंटच्या सह्या त्याहून जास्त वेळ घेतात. तोपर्यंत साधा फिनाइल आणि चार-क्लोरो असे दोनच क्रोमीन कर, नीट शुद्ध कर आणि शिवाजी विद्यापीठाच्या सैफ-सीएफसी ह्या उपकरण केंद्राला सॅम्पल दे. बाकीची पाच ह्या दोघांची प्लेट वाचल्याशिवाय चालू करू नको. एनएमआर आला की पूर्ण स्पेक्ट्रम पाठव, ० ते १२ पर्यंत सगळा, सॉल्व्हंटचे आणि पाण्याचे पीक न कापता. कापलेल्या स्पेक्ट्रमवर मला काही सांगता येणार नाही.